‘निरोध’चा विषय घरात कोण काढणार? नवरा-बायकोत न झालेलं बोलणं आणि त्याची किंमत

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईची नोंदणी झाली की तिच्या रक्ताच्या काही तपासण्या होतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, सिफिलिस आणि एचआयव्ही. आईकडून बाळाला होणारा संसर्ग टाळायचा तर ही तपासणी लागतेच. तिच्यामुळे हजारो बाळं वाचली आहेत, त्यामुळे तिच्या उपयोगाबद्दल वाद नाही.

पण तिचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. जोडप्यातल्या दोघांपैकी आधी तपासणी होते ती बायकोची. नवऱ्यालाही बोलवावं असं सरकारी सूचना सांगतात, पण तो कामावर असतो, गाडीवर असतो, नाहीतर ‘मला काय झालंय?’ म्हणून येत नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर घरात ही बातमी घेऊन जाणारी तीच असते. तोवर लैंगिक आरोग्य हा शब्दही ज्या घरात उच्चारला गेलेला नसतो, तिथे पहिलं बोलणं थेट आरोपापासून सुरू होतं. आधी कळलं कुणाचं, यावरून आधी आणलं कुणी हे ठरवलं जातं. वैद्यकीयदृष्ट्या या दोन गोष्टींचा काहीही संबंध नाही.

हेच बोलणं दोन वर्षं आधी झालं असतं तर? सुरक्षित संबंधांविषयी जोडपी बोलली तर वागण्यात खरंच फरक पडतो का? आणि बोलत नसतील तर त्यांना नेमकं काय अडवतं?

माहिती आहे, मग अडतं कुठे?

‘लोकांना माहितीच नाही’ हे उत्तर सोपं आहे आणि ते अर्धंच खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एचआयव्हीची ‘सर्वंकष माहिती’ असलेल्या महिला देशभरात २१.६ टक्के निघाल्या आणि पुरुष ३०.७ टक्के. म्हणजे माहिती कमी आहेच.

पण त्याच सर्वेक्षणातले आणखी दोन आकडे पाहा. नवऱ्याला लैंगिक आजार असेल, त्याचे इतर स्त्रियांशी संबंध असतील किंवा ती थकली असेल, इच्छा नसेल, तर बायकोने नकार देणं योग्य आहे का? तिन्ही कारणांसाठी ‘हो, योग्य आहे’ म्हणणाऱ्या महिला ८० टक्के होत्या आणि पुरुष ६६ टक्के. कागदावर तरी बहुतेकांना बाईचा हा अधिकार मान्य आहे.

दुसरा आकडा प्रत्यक्ष वापराचा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित महिलांपैकी कंडोम हे साधन वापरणाऱ्या साधारण १० टक्के आहेत. महिलांची नसबंदी सुमारे ४९ टक्के. पुरुषांची नसबंदी अर्धा टक्काही नाही.

या आकड्यांच्या मधल्या जागेत बोलणं येतं. सर्वेक्षण करणाऱ्या ताईला ‘हो, नकार देता येतो’ असं सांगणं वेगळं आणि रात्री खोलीत तेच वाक्य नवऱ्याला सांगणं वेगळं. खोली तरी कुठली म्हणा, अनेक घरांत एका पडद्यापलीकडे सासू-सासरे आणि मुलं झोपलेली असतात. तिथे कुजबुजसुद्धा ऐकू जाते.

यवतमाळचा संबंध काय?

कापसाचा आणि शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा म्हणून यवतमाळ सगळ्यांना माहीत आहे. एचआयव्हीच्या अभ्यासातही या जिल्ह्याचं नाव येतं, हे मात्र फार जणांना ठाऊक नाही. २००५ नंतरच्या काळात देशातल्या जास्त धोक्याच्या जिल्ह्यांत वर्तन आणि संसर्ग यांचं मोठं एकत्रित सर्वेक्षण झालं. त्यात महाराष्ट्रातून मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर यांच्यासोबत यवतमाळही होतं.

कारणं नकाशावर दिसतात. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो, ट्रकची रांग रात्रंदिवस चालू. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत, तिथे बाहेरून आलेले, कुटुंबाशिवाय राहणारे कामगार. पुसद, उमरखेड, आर्णी, दिग्रस या भागांतून कामासाठी पुणे, मुंबई, तेलंगणाकडे जाणारे. नवरा सहा-आठ महिने बाहेर आणि बायको गावात, ही इथल्या कितीतरी घरांची रोजची रचना आहे. स्थलांतर म्हणजे आजार असं समीकरण मांडणं चुकीचं आणि अपमानास्पद आहे. पण दोघं वर्षातले अनेक महिने वेगळी राहत असतील, तर ‘मधल्या काळात काय झालं’ हा प्रश्न कधीतरी विचारता यायला हवा. तो विचारायची सोय घरात नसते.

दारूचाही मुद्दा आहे. शेजारचा वर्धा आणि विदर्भातलाच गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. यवतमाळमध्येही बायकांनी दारूबंदीची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली आहे. त्यामागे पैशाचं आणि मारहाणीचं कारण सांगितलं जातं. तिसरं कारण मोर्च्यातल्या फलकावर येत नाही: पिऊन आलेल्या माणसाशी ‘आज नको’ किंवा ‘आधी निरोध वापरा’ हे बोलताच येत नाही.

पुण्याच्या अभ्यासाने काय सांगितलं होतं?

१९९० च्या दशकात सगळ्यांचा समज होता की एड्स हा ‘बाहेरख्याली’ लोकांचा आजार. पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या (नारी) संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ महिलांचा अभ्यास केला. त्यातल्या ५२५ देहविक्री करणाऱ्या होत्या, ३९१ नव्हत्या. पहिल्या गटात एचआयव्हीचं प्रमाण जवळपास ५० टक्के निघालं, ते अपेक्षितच होतं. धक्का दुसऱ्या गटाने दिला: १३.६ टक्के. या बहुतेक विवाहित आणि आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशीच, संबंध आलेल्या स्त्रिया होत्या. या अभ्यासाचे प्रमुख लेखक डॉ. रमण गंगाखेडकर. २०२० मध्ये कोरोनाच्या रोजच्या पत्रकार परिषदांत दिसायचे, तेच.

हा अभ्यास १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याचा सोप्या भाषेतला अर्थ असा की या बायकांसाठी सगळ्यात मोठा धोका होता लग्न. दवाखान्यात आलेल्या महिलांचा हा आकडा होता, सगळ्या विवाहित स्त्रियांना तो लावता येणार नाही. तरी ‘एकनिष्ठ राहा, सुरक्षित राहाल’ हा सल्ला एका बाजूनेच पाळला गेला तर निरुपयोगी ठरतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

आज परिस्थिती बदलली आहे. २००४ पासून मोफत औषधं मिळतात, २०१७ पासून एचआयव्हीचं निदान झालं की लगेच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे, नवे संसर्गही खूप घटले आहेत. पण देशात आजही २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यनिहाय संख्येत महाराष्ट्र सर्वांत वर आहे.

कंडोमचे दोन अर्थ आणि मधली अडचण

बोलणं का होत नाही, याचं एक उत्तर लाज असं देता येईल. पण नुसती लाज म्हटलं की विषय तिथेच संपतो. लाजेच्या खाली एक हिशेब आहे आणि तो समजून घ्यायला हवा.

सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला १९६८ मध्ये. तीन नगांना १५ पैसे. त्याचा प्रचार झाला तो कुटुंब नियोजनासाठी. त्यामुळे पहिला अर्थ पक्का झाला: कंडोम म्हणजे मूल नको. पुढे नव्वदच्या दशकात एड्सच्या जाहिराती आल्या आणि दुसरा अर्थ चिकटला: कंडोम म्हणजे बाहेरची भानगड.

आता महाराष्ट्रातल्या सामान्य जोडप्याचा विचार करा. लग्न लवकर, दोन मुलं, पंचविशीच्या आसपास बायकोचं ‘ऑपरेशन’. ऑपरेशन झालं की पहिला अर्थ संपला. मूल होणारच नाही, मग कंडोम कशाला? उरतो दुसरा अर्थ, म्हणजे संशय. बायकोने विषय काढला तर ‘माझ्यावर भरोसा नाही का?’ आणि नवऱ्याने काढला तर ‘म्हणजे तुम्ही कुठे गेला होता?’ ज्या वस्तूने दोघांचं संरक्षण व्हायचं, तिचं नाव काढणं म्हणजे भांडणाला निमंत्रण.

नसबंदीमुळे गर्भ राहत नाही, पण संसर्ग थांबत नाही. वाक्य साधं आहे. ऑपरेशनच्या वेळी समुपदेशनात ते सांगायचं असतं. ते बाईलाच सांगितलं जातं, कारण टेबलावर बाईच असते. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या जोडप्याच्या संबंधांत कुठलंही संरक्षण नसतं आणि त्यात काही चुकतंय असं दोघांनाही वाटत नाही.

‘गर्भनिरोधन ही बाईची जबाबदारी, पुरुषाने त्यात डोकं घालायची गरज नाही’, या विधानाशी देशातल्या सुमारे ३५ टक्के पुरुषांनी पाचव्या फेरीत सहमती दाखवली होती. त्यामुळे आशाताई घरी आली की ती बाईशी बोलते, आणि पुरुष त्या वेळी अंगणातून उठून जातो. २०११ पासून आशाताईंमार्फत घरपोच गर्भनिरोधकं देण्याची योजना सुरू झाली, तीन कंडोमचं पाकीट एक रुपयात. वस्तू दारापर्यंत पोचली. दारापासून आत न्यायचं काम त्या घरातल्या बाईवर आलं, जिला ती वस्तू स्वतः वापरायची नाही, वापरायला लावायची आहे.

शब्दांचीही पंचाईत आहेच. मराठीत या विषयाचे शब्द एकतर पुस्तकी आहेत नाहीतर शिवीसारखे. योनिमार्ग, जननेंद्रिय, संभोग हे शब्द घरात कुणी वापरत नाही. ‘गरमी’, ‘परमा’ हे जुने शब्द ऐकले की माणूस वाईट चालीचा ठरतो. बायका ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढं सांगतात, तेही आईला किंवा नर्सबाईला. नवऱ्याला ‘कंबर दुखते’ एवढंच कळतं.

याची किंमत किती, याचा अंदाज विदर्भातल्याच एका अभ्यासाने जगाला दिला होता. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला. इतक्या बायका इतकी वर्षं दुखणं अंगावर काढत होत्या आणि ते घरातच राहत होतं.

मग बोलल्याने फरक पडतो का?

पडतो. पण कशाबद्दल बोललं जातं, यावर ते अवलंबून आहे.

जोडीदारांमधला संवाद आणि कंडोमचा वापर यांवर जगभर डझनावारी अभ्यास झाले आहेत. ते एकत्र करून पाहिलं तर ज्या जोडप्यांत संवाद असतो, तिथे वापर जास्त दिसतो. त्यातही एक बारकावा आहे. ‘आमचं छान जमतं, आम्ही सगळं बोलतो’ अशा सर्वसाधारण मोकळेपणापेक्षा थेट कंडोमबद्दलचं आणि पूर्वीच्या संबंधांबद्दलचं बोलणं जास्त परिणाम करतं. प्रेमाच्या गप्पा भरपूर आणि नेमका विषय टाळलेला, असं असेल तर त्या गप्पांचा इथे फारसा उपयोग नाही.

असे अभ्यास दोन गोष्टी सोबत असतात एवढंच सांगतात. कदाचित ज्यांचं नातं मुळात बरोबरीचं असतं, तीच जोडपी बोलतात आणि तीच वापरतात. मग संवाद घडवून आणला तर वागणं बदलतं का, हे पाहावं लागतं.

त्याचं एक उत्तर महाराष्ट्राच्याच ग्रामीण भागातून आलं. ‘चार्म’ नावाच्या प्रयोगात १,०८१ तरुण विवाहित जोडपी होती. गावागावांतल्या पुरुष आरोग्यसेवकांना आणि डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं गेलं आणि त्यांनी नवऱ्यांशी कुटुंब नियोजन, बायकोचा आदर, हिंसा या विषयांवर बोलायचं, एका सत्रात जोडप्याशी एकत्र बोलायचं, असं ठरलं. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ महिन्यांनी या गटातल्या बायकांनी नवऱ्याशी गर्भनिरोधनाबद्दल बोलणं झाल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. आधुनिक साधनं वापरण्याची शक्यता, संशोधकांच्या मोजमापात, साधारण दीडपट झाली. दीड वर्षाने नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक हिंसेच्या तक्रारीची शक्यता जवळपास निम्मी दिसली. पुढे याच धर्तीवर दुसरा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात झाला.

यात मोजलं गेलं ते मुख्यतः गर्भनिरोधन, लैंगिक आजार नव्हे. तरी लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की इथे सुरुवात पुरुषापासून केली गेली. ‘बाईला सक्षम करा म्हणजे ती नवऱ्याला समजावेल’ या नेहमीच्या वाटेने न जाता थेट नवऱ्याशीच, आणि पुरुषानेच, बोलायचं.

एचआयव्हीबद्दलचं उदाहरण आफ्रिकेतलं आहे. रवांडाची राजधानी किगालीमध्ये, जोडीदारांपैकी एकच पॉझिटिव्ह असलेल्या ५३ जोडप्यांची तपासणी आणि समुपदेशन झालं. सुरुवातीला कंडोम वापरणारी ४ टक्के होती, वर्षभरात ५७ टक्के झाली. १९९२ चा हा अभ्यास. दोघांना एकाच वेळी, एकाच खोलीत, तिसऱ्या माणसासमोर निकाल कळतो तेव्हा ‘तुला आधी कळलं म्हणजे तूच आणलंस’ हा वाद निदान त्याच स्वरूपात होत नाही. यवतमाळच्या आरोग्य केंद्रातल्या त्या गरोदर बाईला जे मिळत नाही, ते नेमकं हेच.

सांगलीचं उदाहरण मात्र उलट्या बाजूने विचार करायला लावतं. ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून तिथल्या देहविक्री करणाऱ्या महिलांसोबत काम सुरू केलं. कंडोम त्या महिलांनीच एकमेकींत वाटले, गिऱ्हाइकाला कसं सांगायचं हे एकमेकींना शिकवलं. ‘निरोध नाही तर धंदा नाही’ असं एकजुटीने म्हणता येऊ लागलं. घरातल्या बायकोकडे ही एकजूट नसते. गिऱ्हाईक परत पाठवता येतं, नवऱ्याला कुठे पाठवणार?

‘बोला’ म्हणणं सोपं आहे

या सगळ्या चर्चेत एक धोका आहे. ‘जोडप्यांनी मोकळेपणाने बोलावं’ असा सल्ला दिला की बोलायची जबाबदारी आपोआप बाईवर येते, आणि बोलून काही झालं नाही तर दोषही तिच्याच पदरात पडतो. ज्या घरात मारहाण होते, तिथे बोलणं सुरक्षित नसतं. अशा घरातल्या बाईला ‘संवाद साधा’ सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

मुंबईत एका प्रयोगात नवऱ्याची दारू किंवा मारहाण सोसणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या विवाहित महिलांसोबत याच अडचणीवर काम झालं. त्यांना एकट्याने आणि गटात समुपदेशन मिळालं. कधी बोलायचं, कधी नाही, कुणाची मदत घ्यायची, यावर भर होता. असुरक्षित संबंध कमी झाल्याचं त्यात दिसलं. पण त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक लागले आणि वेळ लागला. नुसत्या पोस्टरने ते झालेलं नाही.

झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम पाड्यांकडे पाहिलं तर ‘संवाद’ हा शब्द आणखी पोकळ वाटतो. कोलाम ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. इथल्या कुमारी मातांच्या बातम्या गेली अनेक वर्षं येत आहेत. लग्नाचं आमिष, बाहेरून आलेला ठेकेदार किंवा पैसेवाला माणूस, आणि नंतर तो नाहीसा. वय, पैसा, जात, भाषा यांतली इतकी मोठी दरी असताना ती मुलगी कंडोमची अट घालेल कशी? इथे प्रश्न आधी पोलिसांचा आणि कायद्याचा आहे, समुपदेशनाचा नंतर.

कायदा काय म्हणतो?

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, हे त्याचे मुख्य मुद्दे.

जोडीदाराला सांगायचं की नाही, यावर कायद्याने मधला मार्ग काढला आहे. पॉझिटिव्ह व्यक्तीने संसर्ग पसरू नये यासाठी वाजवी काळजी घ्यायची, म्हणजे संरक्षण वापरायचं किंवा जोडीदाराला आधी कल्पना द्यायची. ती सांगत नसेल आणि जोडीदाराला खरंच मोठा धोका असेल, तर आधी समुपदेशन करून, पूर्वकल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला कळवू शकतात. मात्र स्त्रीला हिंसेची, घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर तिच्यावर ही सक्ती नाही. संसदेनेही हे मान्य केलं आहे की काही घरांत खरं सांगणं महागात पडतं.

लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करावी, अशी चर्चा गोव्यात आणि महाराष्ट्रात होऊन गेली आहे. सक्तीला विरोध झाला आणि तो बरोबर होता. लग्नाच्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट पुढच्या वीस वर्षांची हमी देत नाही. शिवाय संसर्ग झाल्यानंतर काही आठवडे, काही वेळा तीन महिन्यांपर्यंत, तो तपासणीत दिसत नाही. स्वखुशीने, दोघांनी मिळून केलेली तपासणी ही वेगळी गोष्ट आहे. पत्रिका जुळवण्याइतका वेळ त्यात जात नाही.

शंभर वर्षांपूर्वीही हाच विषय

महाराष्ट्रात हे बोलणं नवं नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं आणि १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात थेट उत्तरं असायची. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोर्टात त्यांची बाजू मांडली. खटला हरले, मासिक चालू राहिलं.

त्याच राज्यात २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारने तो थांबवला. त्या वर्षी नववी-दहावीत असलेली मुलं आज तिशीत आहेत, अनेकांची लग्नं झाली आहेत. यवतमाळच्या आरोग्य केंद्रात आज नोंदणीला येणाऱ्या बायकांचे नवरे त्याच पिढीतले आहेत.

सुरुवात करायची तर कुठून?

सगळ्यात सोपी जागा आहे ‘पांढरं जाणं’. हा त्रास असलेली बाई सरकारी दवाखान्यात गेली की लक्षणांप्रमाणे रंगीत पाकिटातली औषधं मोफत मिळतात. प्रत्येक वेळी तो लैंगिक आजार नसतो, काही प्रकार बुरशीचे असतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण परमा, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास असेल तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. त्याने घेतलं नाही तर महिन्याभरात तोच त्रास पुन्हा. ‘डॉक्टरांनी दोघांना गोळ्या दिल्यात, दोघांनी घेतल्या नाही तर माझं बरं होणार नाही’ या वाक्यात आरोप नाही, संशय नाही. गोळ्या संपेपर्यंत निरोध वापरायचा, हेही त्याच दमात सांगता येतं.

स्वतःला सांगणं अवघड वाटत असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडून निरोप द्यायची सोय आहे. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये जोडीदारासाठी चिठ्ठी मिळते. आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, दोघांनी एकत्र जाता येतं. यवतमाळमध्ये वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करता येईल. तपासणी मोफत आहे.

पुरुषांनीही विषय काढायला हरकत नाही, उलट त्यांनी काढला तर निम्मी भीती जाते. बाहेरगावाहून परतल्यावर ‘मी तपासून घेतलंय, तूही येतेस का?’ किंवा ‘तपासेपर्यंत आपण निरोध वापरू’ असं नवरा म्हणाला, तर बायकोला खुलासा मागावा लागत नाही. वेळही बघावी लागते. रात्री अंधारात, संबंधाच्या क्षणी हा विषय काढला की तो नकार वाटतो. शेतावर जाताना, दुचाकीवर, दवाखान्याच्या रांगेत, जिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, तिथे तो सोपा जातो.

पॉझिटिव्ह निघालं तरी आता गोष्ट तिथे संपत नाही. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. इतर लैंगिक आजारांसाठी कंडोम लागतोच. धोक्याचा संबंध आला आणि ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठलं तर संसर्ग टाळण्याची औषधंही आहेत.

यातलं काहीच घरात विचारता येत नसेल, तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक आहे. फोन मोफत आहे आणि आपलं नाव सांगावं लागत नाही.